पाना कोणाच्या हातात? शाळेच्या रोबोटिक्स संघात मुलींचा हात बसावा म्हणून

संध्याकाळी पाचला शाळेच्या रोबोटिक्सच्या खोलीत जा. कोण काय बोलतंय ते ऐकू नका, फक्त हात बघा. टेबलावर दोन मुलगे वाकलेले असतात, एकाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्याच्या हातात पक्कड. शेजारी एक मुलगी स्क्रूंची डबी धरून उभी. पलीकडच्या बाकावर दुसरी प्रकल्पाची फाइल लिहितेय, समासाला रंगीत पट्टी ओढतेय. फोटो काढला तर चौघंही हसताना दिसतील, आणि संघात निम्म्या मुली आहेत म्हणून आपण समाधानी राहू.

मी तालुक्याच्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि रोबोटिक्सचा संघ सांभाळतो. पहिली दोन वर्षं मीच म्हणायचो, "तुझं अक्षर सुंदर आहे, फाइल तू कर." मग एका स्पर्धेत परीक्षकांनी आमच्या आठवीतल्या मुलीला विचारलं, इथे लहान गिअरवरून मोठ्या गिअरवर का गेलात? तिने घडाघडा सांगितलं: १२ दात्यांचं चाक ३६ दात्यांच्या चाकाला फिरवतं, त्यामुळे वेग एक तृतीयांश होतो आणि जोर जवळपास तिप्पट मिळतो. परीक्षक खूश झाले. म्हणाले, "छान. आता ते मोठं चाक जरा काढून दाखव." तिने मुलांकडे पाहिलं. सहा महिने ती संघात होती, आणि त्या सहा महिन्यांत मी तिला एकदाही ते चाक बसवायला दिलं नव्हतं.

पुढे लिहिलेलं सगळं त्यानंतर करत करत जमलेलं आहे. सहावी ते दहावीच्या संघासाठी आहे, पण कॉलेजच्या संघांनाही बरंचसं लागू पडेल.

आधी दोन आठवडे फक्त मोजा

लगेच काही बदलायला जाऊ नका. भिंतीवर एक मोठा कागद लावा. डाव्या बाजूला संघातल्या सगळ्यांची नावं, वर कामं: पाना-स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलणं आणि जोडणी, सोल्डरिंग (सोल्डर नावाचा मऊ धातू वितळवून विजेचे जोड पक्के करणं), ड्रिल आणि करवत, प्रोग्राम लिहिणं, रोबो चालवणं, फाइल-पोस्टर, आवराआवर. दर दहा मिनिटांनी घंटी वाजली की त्या क्षणी कोणाच्या हातात काय आहे त्याची खूण करायची. खूण करायचं काम रोज वेगळ्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्या.

एक नियम कडक पाळा: धरून ठेवणं, आणून देणं, बघत उभं राहणं यांची खूण करायची नाही. स्क्रूंची डबी धरणं म्हणजे पाना चालवणं नव्हे.

आमच्या कागदावर दोन आठवड्यांनी सोल्डरिंग आणि ड्रिल या दोन रकान्यांत मुलींच्या नावापुढे एकही खूण नव्हती. आवराआवरीच्या रकान्यात भरपूर होत्या. मी काहीच भाष्य केलं नाही, कागद सगळ्यांनी वाचला. एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, आम्ही मुद्दाम नाही केलं." ते खरंच होतं. जो पटकन करतो त्याच्या हातात हत्यार जातं, हत्यार हातात असलं की तो आणखी पटाईत होतो. घरी पंखा उघडताना, सायकलची चेन बसवताना काकांच्या किंवा बाबांच्या शेजारी कोणाला बसवलं होतं, तिथून हे सुरू झालेलं असतं. मुलींची बुद्धी आणि आवड दोन्ही शाबूत असतात. कमी पडलेले असतात ते तास, आणि तास भरून काढता येतात.

संघात बोलावताना

"रोबोटिक्समध्ये कोण येणार?" असं वर्गात विचारलं की ज्यांना आधीच येतं तेच हात वर करतात. म्हणून मी आता विचारतच नाही. जूनमध्ये सहावी-सातवीच्या पूर्ण वर्गाला एकेक जुनी वस्तू उघडायला देतो: बिघडलेला रिमोट, खेळण्यातली गाडी, बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ. विजेच्या मुख्य लाइनवर चालणाऱ्या वस्तू आणि जुने टीव्ही यात घेऊ नका. तासभर वर्गात फिरायचं आणि कोणाचे डोळे त्या वस्तूवरून हलत नाहीत ते बघायचं. मग त्या मुलीला नावाने, समोर जाऊन सांगायचं, "तू शनिवारी ये. ती कप्पी तू कशी काढलीस ते मी बघितलंय." मोघम कौतुकापेक्षा तिने हाताने केलेली नेमकी गोष्ट सांगितली की ती येते.

सगळ्या वर्गाने एकत्र काम केलं की मुलीने पाना धरण्यात वेगळं काही उरत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, स्वयंपाक हे सगळं मुलामुलींनी मिळून करायचं असतं. मुलगी वेल्डिंग करतेय म्हणून कोणी थांबून बघत नाही, कारण तो तिचा त्या दिवसाचा तास असतो. आपल्या खोलीत तेच वातावरण आणायचं आहे.

आणि एकटी मुलगी कधी ठेवू नका. पाच जणांच्या गटात एकच मुलगी असेल तर ती हमखास फाइलकडे सरकते. दोघी असल्या की एकमेकींना धीर होतो, भांडणंही होतात, आणि भांडण पान्यावरून असेल तर उत्तमच.

हात बसवण्याचे चार शनिवार

या पायरीला घाई करू नका. संघाचं मुख्य काम सुरू होण्याआधी, ज्यांचा हात बसलेला नाही त्यांच्यासाठी चार शनिवार वेगळे ठेवा. आमच्याकडे त्यात सगळ्या मुली असतात, आणि ज्या मुलांनी कधी हत्यार धरलेलं नाही तेही असतात. ज्यांना येतं त्यांना त्या वेळी खोलीत प्रवेश नाही. "मी दाखवतो ना" म्हणणारं कोणी शेजारी नसलं की चुका निवांतपणे होतात.

पहिल्या शनिवारी नट-बोल्ट. एम-३ आणि एम-४ (३ आणि ४ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टमधला फरक डोळे मिटून बोटांनी ओळखायचा. ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली), पाना, नोज प्लायर. बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवायचा, मगच पाना लावायचा, नाहीतर आटे मरतात. शेवटी प्रत्येकीने चार चाकांचा सांगाडा एकटीने जोडायचा आणि एकटीने सुटा करायचा.

दुसऱ्या शनिवारी वायर आणि मल्टिमीटर. वायर सोलताना आतली तार तुटू द्यायची नाही. बॅटरीचा व्होल्टेज मोजायचा, आणि मल्टिमीटरचा बझर ज्या वायरीवर वाजत नाही ती तुटलेली, अशी वायर शोधायची. मी आधीच दहा जंपर वायरींपैकी तीन आतून तोडून ठेवतो, त्या शोधायला लावतो. मल्टिमीटर ज्या मुलीच्या हातात बसतो तिला पुढे कोणी बाजूला सारू शकत नाही, कारण बिघाड सापडतो तो तिच्याकडेच.

तिसरा शनिवार सोल्डरिंगचा. याचीच मुलींना सर्वांत जास्त धास्ती असते आणि शनिवार संपताना उठायला तयार नसतात. २५ वॅटची सोल्डर गन पुरते. टेबलावर लाकडी फळी, गनसाठी स्टँड, ओला स्पंज, खिडकी उघडी, धूर तोंडापासून लांब नेणारा छोटा पंखा. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून तिथे काही खायचं नाही आणि काम संपलं की साबणाने हात धुवायचे.

पहिल्यांदा गन धरणारी मुलगी ती अगदी मागच्या टोकाला धरते, भाजेल म्हणून. त्यामुळे टोक थरथरतं आणि काहीच नीट लागत नाही. मग आणखी भीती वाटते. तिला मुठीचा थंड भाग कुठपर्यंत आहे ते आधी बोटाने दाखवा. पेन धरतेस तशी धर, मनगट टेबलावर टेकव. मी पूर्वी म्हणायचो, "रांगोळी काढता ना, तसंच." एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, मला रांगोळी नाही येत." त्या दिवसापासून पेनच सांगतो.

मग क्रम: टोक स्पंजवर पुसून त्याला थोडं सोल्डर लावून चकचकीत करायचं. टोक बोर्डावरच्या तांब्याला आणि घटकाच्या पायाला, दोन्हींना एकदम टेकवायचं. मनात दोन-तीन अंक मोजायचे. सोल्डरची तार गनला लावायची नाही, तापलेल्या जोडाला लावायची. ती आपोआप वितळून पसरते. आधी तार काढायची, मग गन. फुंकर मारायची नाही. जोड छोट्या शंकूसारखा आणि चमकदार दिसला तर जमलं. निस्तेज गोळी होऊन बसला असेल तर तो कोरडा जोड. हलवला की करंट तुटणार, पुन्हा तापवायचा.

प्रत्येकीचे पहिले दहा जोड खराब होणार, हे आधीच सांगून टाका. वापरायचे नसलेले दहा जोड भंगार बोर्डावर मारायचे, अकराव्यापासून मोजायचं. गेल्या वर्षी एक मुलगी तेराव्या जोडाला बोर्ड दिव्याखाली धरून तिरका फिरवत बसली होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही सर, चमकतंय ते बघतेय."

चौथ्या शनिवारी ड्रिल, करवत आणि कानस. वस्तू आधी व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट बसवायची, हाताने धरून भोक पाडायचं नाही. ओढणी काढून बाजूला ठेवायची, वेण्या वर बांधायच्या, बांगड्या उतरवायच्या, गॉगल लावायचा. ड्रिलवर हातमोजे घालायचे नाहीत, ते फिरत्या बिटात अडकतात. हे नियम मुलांनाही तसेच: लोंबता शर्ट, मनगटावरचे दोरे. नियम फक्त मुलींना सांगितले की ड्रिल त्यांच्यासाठीच धोक्याचं आहे असा समज होतो.

भंगारवाल्याकडून जुन्या गाडीच्या वायपरची मोटर आणून ठेवा. १२ व्होल्टची असते, आत वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर) असतो, त्यामुळे फिरते हळू पण जोर दांडगा. ती उघडून, साफ करून, ग्रीस लावून पुन्हा चालू करणं ही माझी या चार शनिवारांची शेवटची परीक्षा. मोटर फिरायला लागली की मुलींना हेरातची गोष्ट सांगतो. अफगाणिस्तानातल्या या शहरातल्या किशोरवयीन मुलींचा रोबोटिक्स संघ. २०१७ साली वॉशिंग्टनच्या स्पर्धेसाठी त्यांना आधी दोनदा व्हिसा नाकारला गेला, शेवटी त्या गेल्या. २०२० च्या कोरोनात त्याच संघाच्या मुलींनी गाड्यांचे जुने भाग वापरून व्हेंटिलेटरचा नमुना बनवायला घेतला, त्यात टोयोटा गाडीच्या वायपरची मोटर होती. आपल्या टेबलावर पडलेली वस्तू त्या गोष्टीत असते, म्हणून मुली ती मन लावून ऐकतात.

पदं वाटू नका, भाग वाटा

"तू डिझायनर, तू प्रोग्रामर, तू डॉक्युमेंटेशन" अशी पदं दिली की वर्षभर माणूस त्यात अडकतो. त्याऐवजी रोबोचा एकेक भाग वाटा. उचलणारा हात, चाकांचा सांगाडा, वीजजोडणी, सेन्सरची बैठक. भाग ज्या जोडीचा, त्याचा आराखडा त्यांनीच काढायचा, कापायचा, जोडायचा, बिघडला की दुरुस्त करायचा, आणि फाइलमधलं पान त्यांनीच लिहायचं. ज्याने केलं त्याने लिहायचं. मुलांचं अक्षर गिचमिड असलं तरी चालेल, परीक्षक वाचतात.

पोस्टर, खोली झाडणं, डबे भरणं यांची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावा, मनाने लावू नका.

प्रोग्रामिंगबद्दल एक सावधगिरी. काही शाळांमध्ये मुलींना फाइलमधून काढून लॅपटॉपपुढे बसवतात आणि प्रश्न सुटला असं मानतात. प्रोग्राम लिहिणं मोठंच काम आहे, पण तिने लिहिलेला प्रोग्राम दुसरा कोणीतरी रोबोत घालतो आणि चाक उलटं फिरलं की वायरी दुसराच बदलतो, तर यंत्र तिच्यापासून लांबच राहिलं. जो प्रोग्राम लिहील त्याने केबल स्वतः लावायची, आणि मोटर उलटी फिरली तर दोष प्रोग्राममध्ये आहे की वायरींच्या अदलाबदलीत हे स्वतः शोधायचं.

टेबलाशी एका वेळी दोघंच, वीस मिनिटांनी बदल. उठणाऱ्याने बसणाऱ्याला कुठवर आलंय ते दाखवूनच उठायचं. फर्स्ट लेगो लीग या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत रोबोच्या खेळात टेबलाच्या एका बाजूला दोनच खेळाडू उभे राहू शकतात, बाकीचे मागे थांबून पाळी घेतात. सरावात तोच नियम लावला की स्पर्धेची तयारीही होते.

मोठ्यांनी हात मागे बांधायचे

"दे इकडे." या दोन शब्दांनी जेवढं नुकसान होतं तेवढं कशानेच होत नाही. आणि ते शब्द मुलांपेक्षा आम्ही शिक्षक जास्त वेळा उच्चारतो, त्यातही मुलीला उद्देशून जास्त. मुलगा धडपडत असला की "करू दे त्याला" म्हणतो, मुलगी धडपडली की कणव येते. आमच्या खोलीत आता माझा हात रोबोला लागत नाही. सुरक्षेचा प्रश्न असेल तरच लागतो.

मदत मात्र करायची, प्रश्नांनी. समजा अर्डुइनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड) आणि एल-२९८एन ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारा बोर्ड) यांवर चालणारी एक मोटर फिरत नाहीये. विचारा: बॅटरी मोजलीस का, किती आली? ड्रायव्हरच्या दोन पेचांवर किती येतेय? हा ड्रायव्हर स्वतःच साधारण दोन व्होल्ट खातो, ते धरलंस का? अर्डुइनोचं आणि ड्रायव्हरचं ग्राउंड (मायनसची बाजू) एकमेकांना जोडलंय का? चालणारी मोटर या बाजूला लावून बघितलीस का? एवढ्यात दहापैकी नऊ बिघाड सापडतात. ती यादी मी टेबलाच्या कडेला चिकटवली आहे, आता मला विचारावंही लागत नाही.

मुलांशीही बोलावं लागतं, न रागावता. आमचा नियम: मागितल्याशिवाय दुसऱ्याच्या भागाला हात नाही. स्पर्धा तोंडावर आली की एखादा म्हणतो, "सर, वेळ नाही, मी पटकन करून टाकतो." मी म्हणतो, "तू कर, पण तिच्या शेजारी बसून तोंडाने सांग. हात तिचेच." सुरुवातीला त्याला ते जड जातं. तोंडाने नीट सांगायला गिअर स्वतःला नीट कळावा लागतो, हे त्याच्याही लक्षात येतं.

काहीतरी जळणारच

उलटी पोलॅरिटी लागते, म्हणजे प्लस-मायनसची अदलाबदल होते, आणि बोर्डातून धूर निघतो. मुलाने जाळलं तर तो दोन दिवस फुशारकीने सांगतो. मुलीने जाळलं तर ती पुढच्या शनिवारी येत नाही. हे मी तीनदा पाहिलं आहे. म्हणून खोलीत एक डबा ठेवलाय, जळालेल्या वस्तूंचा. प्रत्येकीवर चिठ्ठी: काय झालं, कशामुळे, तारीख. नाव लिहायचं नाही. पहिली वस्तू मी स्वतः जाळलेला ड्रायव्हर आहे.

बजेटमध्येच पाच-सहा जादा ड्रायव्हर आणि मोटरी धरा, त्या महाग नसतात. अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा) असलेल्या शाळेला पाच वर्षांत २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. तरीही कित्येक ठिकाणी किट कपाटात कुलपात असतं, खराब होईल म्हणून. कुलूप उघडायला लावणारा मुलगा असतो. मुलगी विचारत नाही. किल्ली सगळ्यांच्या नजरेत, खिळ्याला टांगलेली असू द्या.

घर, वेळ आणि बाकीच्या गोष्टी

मुली संघ सोडतात त्यातली निम्मी कारणं यंत्राशी संबंधित नसतात. सराव साडेसहाला संपतो, शेवटची एसटी सहाची असते. मुलाला कोणीतरी दुचाकीवर घेऊन जातं, मुलीला घरून सांगतात, बस झालं. सराव पावणेसहाला संपवा, त्यापेक्षा रविवारी सकाळी जास्त घ्या. स्वच्छतागृहाला कडी आणि आत कचऱ्याची बादली आहे ना, ते स्वतः बघा. लहान मापाचे गॉगल आणा. उंच टेबलाला स्टूल लावा. बाहेरगावच्या स्पर्धेला शिक्षिका सोबत हवीच, आणि निघायच्या आठवडाभर आधी राहण्याची जागा पालकांना सांगा.

पालकांना एकदा खोलीत बोलवा. भाषण नको. मुलीनेच आईच्या हातात गन द्यावी आणि एक जोड मारून घ्यावा. आमच्या एका मुलीचे वडील मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. भाऊ दुकानात बसतो, तिला तिथे कधी बसवलं नव्हतं. ते आले, हाताची घडी घालून उभे राहिले. तिचा बोर्ड उचलून चष्म्यातून बघितला आणि म्हणाले, "हा एक ड्राय आहे." तिने बोर्ड परत घेतला, जोड पुन्हा तापवला, दाखवला. त्यांनी नखाने टोकरून पाहिलं आणि ठेवून दिला. एवढंच बोलणं झालं. पण दिवाळीच्या सुट्टीत ती दुकानात बसली.

"पुढे याचा उपयोग काय" असं विचारणाऱ्या पालकांना मी सुरेखा यादवांचं सांगतो. साताऱ्याची मुलगी, कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलची पदविका, आणि पुढे रेल्वेचं इंजिन चालवणारी आशियातली पहिली महिला. आमच्या भागात हे नाव पुरतं.

स्पर्धेच्या दिवशी

रोबो कोण चालवणार हे "ज्याला गेम खेळता येतात" यावर ठरवू नका. सगळ्यांना आधी सारखा सराव द्या, प्रत्येकी दोन तास तरी. मग स्टॉपवॉच लावून प्रत्येकाचे दहा फेऱ्यांचे वेळ आणि चुका लिहा. सर्वांत वेगवान एक फेरी बघू नका, दहाही फेऱ्यांत कोण कमी चुकतं ते बघा. आमच्याकडे या मोजणीत निवड दोन वेळा बदलली.

पुण्यात २००८ साली एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबो स्पर्धा झाली, तेव्हा खेळच गोविंदाचा होता, रोबोंनी दहीहंडी फोडायची. अशा स्पर्धांमध्ये दोन फेऱ्यांच्या मधल्या दुरुस्तीच्या मिनिटांत खरा संघ दिसतो. तिथेच जुनी सवय उफाळून येते आणि चार मुलगे रोबोवर झेपावतात. म्हणून दुरुस्तीचीही तालीम घ्या. मी घड्याळ लावून एखादा बोल्ट गुपचूप सैल करतो, ज्या जोडीचा भाग तीच पुढे येते, बाकीचे दोन पावलं मागे.

परीक्षक पुष्कळदा यंत्राचा प्रश्न मुलाकडे बघून विचारतात. मुलांना एक वाक्य पाठ करून ठेवायला सांगा: "हा भाग तिने बनवलाय, तीच सांगेल." आणि तिने सांगताना बोट दाखवू नये, तो भाग काढून हातात घ्यावा.

स्पर्धा संपल्यावर

हरलो-जिंकलो, आठवड्याने रोबो सुटा करायचा असतो. हे काम सहसा दोन मोठी मुलं उरकून टाकतात. ते तसं होऊ देऊ नका. त्याच दिवशी पुढच्या वर्षीच्या सहावी-सातवीच्या मुलींना बोलवा. सुटं करताना बिघडायचं काही नसतं, वेळेचं ओझं नसतं, आणि वर्षभराचं यंत्र आतून बघायला मिळतं. आठवी-नववीच्या ताईंनी शेजारी बसायचं, हात मागे. दहावीला गेलेल्या मुली अभ्यासासाठी संघ सोडतात, त्यांनाही या एका दिवसासाठी बोलवायचं, त्या येतात.

यंदा त्या दिवशी पाचवीतली एक चिमुरडी बहिणीबरोबर आली होती, यादीत नव्हती. तिने मोठ्या गिअरचा बोल्ट उलटा फिरवायला सुरुवात केली, आणखी घट्ट होत गेला. तिची ताई काही बोलली नाही. मीही नाही. थोड्या वेळाने पोरीने ॲलन की काढली, बोल्टकडे बघितलं, आणि दुसऱ्या बाजूने लावली.